वेबची तालीम : थान, छपाई आणि मुनीम

मार्वेच्या धक्क्यावरून होडीत बसले की खाडी ओलांडून काही मिनिटांत मनोरी येते. गाव मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण रस्त्याने जायचे तर भाईंदर-उत्तनचा लांब वळसा. तेथील एका शिंपी मास्तरांना आम्ही बरीच वर्षे शाळेच्या गणवेशाचे कापड पुरवतो. त्यांची मुलगी याच होडीने ये-जा करून मालाडच्या महाविद्यालयात बी.एस्सी. आय.टी. शिकत होती. दुसरे वर्ष संपले तेव्हा मास्तरांनी आम्हाला विचारले, "शेठ, वेबसाइट बनवायला दोन महिन्यांचा क्लास पुरे म्हणतात. मग पोरीला आणखी एक वर्ष कशाला शिकवू? मशीनवर बसली तर सीझनला हातभार लागेल."

आम्ही प्रथम मान डोलावली. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे आणि उमर कापडात गेलेली. या विद्येची आम्हाला काय पारख असणार? पण घरी परतताना आमचाच जुना तोटा आठवला. काही वर्षांपूर्वी आम्ही दुकानाची वेबसाइट करून घेतली होती. कापडाचे फोटो झकास दिसत. मात्र वेबसाइटचे नाव बनवणाऱ्याने स्वतःच्याच नावावर नोंदवले होते. तो धंदा बदलून गेला, नावाची मुदत संपली आणि आमचा पत्ता दुसऱ्याच्या हाती गेला. गिऱ्हाइकांच्या चौकशांची नोंदही कोठे राहिली नव्हती. दर्शनी भाग पाहून आम्ही पैसे दिले, आतली बांधणी तपासलीच नाही.

ही बांधणी आपल्या भाषेत सांगतो. एचटीएमएल म्हणजे कोरे थान. पानावर काय कोठे आहे ते त्यातून ठरते. सीएसएस म्हणजे रंगाई-छपाई. जावास्क्रिप्ट म्हणजे गिऱ्हाइकाने विचारताच उत्तर देणारा काउंटरवरचा माणूस. मागे सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम हा मुनीम आणि डेटाबेस ही त्याची खतावणी. छोट्या क्लासात बहुधा थान आणि छपाई शिकवतात. पण ऑर्डर घेणे, शिल्लक तपासणे, एकाचा हिशेब दुसऱ्याला न दाखवणे ही कामे मुनिमाची. मुनीम दोन महिन्यांत तयार होत नाही.

मुंबई विद्यापीठाच्या २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या बी.एस्सी. आय.टी. अभ्यासक्रमात हाच क्रम होता. पहिल्याच वर्षी 'वेब प्रोग्रामिंग', दुसऱ्या वर्षी डेटाबेस, तिसऱ्या वर्षी 'ॲडव्हान्स्ड वेब प्रोग्रामिंग'. शिवाय पाचव्या सत्रात प्रकल्पाचा आराखडा आणि सहाव्या सत्रात त्याची प्रत्यक्ष उभारणी. म्हणजे मास्तर ज्या वर्षी मुलीला घरी बसवू पाहत होते, नेमके त्याच वर्षी शिकलेले सारे हाताला लागणार होते. दुसऱ्या फेरीला आम्ही त्यांना तसे सांगितले, आणि प्रकल्पासाठी आमच्याच दुकानाचे काम घ्यावे असेही सुचवले.

मुलीने तसेच केले. पूर्वी मनोरीहून मापांच्या चिठ्ठ्या येत. एका जूनमध्ये दोन शाळांच्या चिठ्ठ्या बदलल्या, कापड चुकीचे फाडले गेले आणि मास्तरांची मजुरीही बुडाली. आता ते मोबाइलवर शाळा, माप, नग आणि मुदत भरतात. आम्ही काउंटरवर तीच नोंद पाहून कापड फाडतो. पुढचा जून चुकीविना गेला. साइटचे नाव या वेळी आमच्याच नावावर आहे आणि नोंदींची एक प्रत दर आठवड्याला आमच्याकडे उतरवून ठेवली जाते.

काही बांधव म्हणतील, हे आपल्या पोरांचे काम नव्हे. त्यांना आम्ही मागाची आठवण देतो. फ्रान्समधील जाकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांनी नक्षी विणणारा माग प्रचारात आणला. भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही. चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यासाठी हीच पुठ्ठ्यांची युक्ती उचलली. प्रोग्रॅमची कल्पना विणकराच्या घराला परकी नाही. उर्दूचाही अडसर नाही. पानाची दिशा उजवीकडून डावीकडे असल्याचे एचटीएमएलमध्ये एका छोट्या शब्दाने सांगता येते.

खरा अडसर दहावीनंतर येतो. या पदवीच्या प्रवेशासाठी वरील अभ्यासक्रमात बारावीला गणित आवश्यक ठेवले होते. आपल्याकडे अनेक मुले कॉमर्स घेतात आणि अवघड म्हणून अकरावीतच गणित सोडतात. दोन वर्षांनी दार बंद दिसते. कॉमर्सलाही गणिताचा विषय घेता येतो, हे घरात कोणी सांगत नाही. बी.सी.ए.साठी तर महाराष्ट्रात २०२४ पासून सामायिक प्रवेश परीक्षा आहे. तेव्हा अकरावीचा फॉर्म भरण्याआधी महाविद्यालयात जाऊन चालू वर्षाचे नियम विचारावेत.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच : मुलगा असो वा मुलगी, गणित सोडू देऊ नका. सीझनच्या घाईत शेवटचे वर्ष तोडू नका. आणि त्यांच्या प्रकल्पासाठी आपली वही उघडून द्या. होडीचे भाडे आणि कॉलेजची फी मास्तरांनी दिली; त्या तालमीचा पहिला नफा मात्र आमच्या गल्ल्यात जमा झाला, हे कबूल केले पाहिजे.