एका पत्रानं विरघळलेली फौज

पडेगावातून दौलताबादच्या रस्त्याला लागलात, की पुढे खुलताबादला औरंगजेबाची कबर. उलट औरंगाबाद शहराकडे वळलात, की बेगमपुऱ्याच्या बाजूला बीबी का मकबरा, म्हणजे त्याची बेगम दिलरस बानूची कबर. बाप एका टोकाला, आई दुसऱ्याला. आणि ११ सप्टेंबर १६५७ ला याच शहरात जन्मलेला त्यांचा मुलगा? तो मेला इराणात, परक्या शहाच्या आश्रयाला! औरंगाबादचा शहजादा तिथं पोहोचला कसा?

त्याचं नाव अकबर. जन्मानंतर महिन्याभरात आई गेली. बापाचा तो भारी लाडका. असल्या पोरानं बंड करावं?

सरपण आधीच रचलेलं होतं. डिसेंबर १६७८ मध्ये जोधपूरचा जसवंतसिंह खैबरखिंडीजवळ वारला, तेव्हा हयात मुलगा नव्हता. बादशहानं मारवाड ताब्यात घेतलं. पुढच्याच वर्षी जिझिया, म्हणजे बिगरमुस्लिमांवरचा कर, पुन्हा बसवला. दिल्लीत लोक गाऱ्हाणं घेऊन जामा मशिदीच्या वाटेवर दाटले, तर त्यांच्यावर हत्ती घातले गेले. तिकडे राठोड भडकले, मेवाडचे सिसोदियाही उठले. त्यांना मोडायला धाडलेल्यांत अकबरही होता. राजपुतांनी त्यालाच फोडलं!

जानेवारी १६८१. तेवीस वर्षांच्या अकबरानं स्वतःला बादशहा जाहीर केलं. चार मौलवींनी फतवाही दिला, की औरंगजेबाचा तख्तावरचा हक्क संपला. बाप अजमेरला, जवळ फौज तुटपुंजी. झडप घालायची हीच वेळ. अकबर मात्र थोड्या दिवसांच्या वाटेला पंधरवडा लावत आला. तेवढ्यात अजमेरला कुमक पोहोचली.

तरी पारडं अकबराचंच जड. मग म्हाताऱ्यानं काय काढलं? कागद. खाफी खान हा इतिहासकार सांगतो, की लोकांत तेव्हा असं बोललं जाई: बादशहानं अकबराला पत्र लिहिलं, ‘शाब्बास, राजपुतांना छान जाळ्यात आणलंस’, आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी तजवीज केली.

राजपूत सरदार दुर्गादास राठोड खुलासा मागायला रात्रीच अकबराच्या तंबूशी गेला. शहजादा झोपलेला, नोकर उठवेनात. मग तो अकबराचा उजवा हात असलेल्या तहव्वुर खानाकडे गेला. तंबू रिकामा! बायकामुलांना धोका आहे, अशी धमकी सासऱ्याकरवी आल्यामुळे खान बादशहाच्या छावणीत निघून गेला होता. तिथं तो मारलाही गेला. राजपुतांचा संशय पक्का झाला. सकाळी अकबर जागा झाला, तेव्हा भोवती मूठभर माणसं. लढाई झालीच नाही.

थोरल्या बहिणीची, झेबुन्निसाची पत्रं त्याच्या छावणीत सापडली. त्यापायी ती मरेपर्यंत दिल्लीच्या सलीमगडात कैदेत राहिली.

कावा उमगल्यावर दुर्गादास परतला आणि त्यानं अकबराला थेट दक्षिणेत छत्रपती संभाजी महाराजांच्या मुलखात आणलं. सुधागडाजवळ पालीला त्याचा मुक्काम पडला. आता बापाला झोप कशी लागावी? बंडखोर पोरगा आणि मराठे एकत्र! मार्च १६८२ मध्ये औरंगजेब औरंगाबादेत दाखल झाला. विजापूर घेतलं, गोवळकोंडा घेतला, पण उत्तरेला परत जाणं काही झालं नाही. १६८७ मध्ये अकबर राजापूरहून जहाजानं इराणकडे निघून गेला. बापाच्या आधीच वारला. औरंगजेब मात्र १७०७ मध्ये अहमदनगरला मरेपर्यंत दख्खनेतच अडकून पडला.

मला या कथेतली सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. अकबराची दोन मुलं मारवाडात मागे राहिली होती. बादशहाशी वैर धरलेल्या दुर्गादासानं ती वर्षानुवर्षं सांभाळली. नात आजोबांकडे परतली, तेव्हा तिला धर्म शिकवायची सोय करू म्हणणाऱ्या बादशहाला कळलं, की दुर्गादासानं अजमेरहून मुसलमान शिक्षिका आणली होती आणि पोरीला कुराण पाठ आहे. पुढे नातूही परतला आणि दुर्गादासाला बादशहानं तीन हजारी मनसब दिली.