समोरच्याची जाहिरात कशी वाचावी

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग ही इंटरनेटवरची अडत आहे. माल कंपनीचा, दुकान कंपनीचे, पैसेही गिऱ्हाईक थेट कंपनीलाच देते. मधला माणूस गिऱ्हाईक दारापर्यंत आणून सोडतो आणि विक्री झाली तर ठरलेला टक्का घेतो. त्याला दिलेल्या लिंकमध्ये त्याची खूण असते; त्या खुणेवरून कोणाच्या सांगण्यावरून माल गेला हे कंपनीला कळते. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली अमेरिकेत ‘असोसिएट्स’ या नावाने ही योजना सुरू केली. २०१३ मध्ये कंपनी भारतात आली आणि तिच्यामागोमाग योजनाही. २०२१ मध्ये फ्लिपकार्ट आणि अ‍ॅमेझॉन दोन्ही मराठीतून दिसू लागले. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूट्यूबने फ्लिपकार्ट आणि मिंत्रा यांना बरोबर घेऊन भारतातल्या व्हिडिओवाल्यांसाठी अशीच सोय केली. जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर इथल्या एखाद्या तरुणाला घरच्या मोबाइलवरून हा धंदा करता येतो तो यामुळे.

या धंद्यातली स्पर्धा नेहमीच्या दुकानदारीपेक्षा वेगळी असते. दोन कापड दुकानदारांचा माल वेगळा असतो, उधारी वेगळी असते, ओळखीपाळखी वेगळ्या असतात. दोन अ‍ॅफिलिएट मात्र तोच कूलर, त्याच किमतीत, त्याच कंपनीच्या पानावरून विकत असतात. त्यांच्यात फरक उरतो तो एवढाच : जाहिरात कोणाला दाखवली, कधी दाखवली, तिच्यात काय म्हटले आणि क्लिक केल्यावर माणूस कुठे पोहोचला. म्हणून समोरच्याची मोहीम अभ्यासणे हा इथे धंद्याचा अर्धा भाग आहे.

खान्देशाला हे नवे सांगायला नको. रावेर-यावल पट्ट्यातला केळी उत्पादक बऱ्हाणपूरच्या लिलावात काय भाव फुटला हे विचारल्याशिवाय आपल्या बागेचा सौदा करत नाही. बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे, पण भावाच्या बाबतीत ते शेजारचेच गाव. बाजार समितीत हे ज्ञान फोनवर आणि ओट्यावर मिळते. इंटरनेटवर ते मिळण्याच्या जागा वेगळ्या आहेत, आणि त्यातल्या सर्वांत उपयोगी जागा फुकट आहेत.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम यांची मालक कंपनी मेटा ‘अ‍ॅड लायब्ररी’ चालवते. फेसबुक वापरणाऱ्यांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरल्याच्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणानंतर राजकीय जाहिराती कोण देतो हे उघड करण्याचा दबाव वाढला, तेव्हा २०१८ मध्ये राजकीय जाहिरातींचे भांडार उघडले गेले. मार्च २०१९ मध्ये त्याची व्याप्ती वाढली आणि त्या वेळी चालू असलेली प्रत्येक जाहिरात, साबणाची असो की सोन्याची, कोणालाही पाहता येऊ लागली. त्यासाठी फेसबुकवर खाते असण्याचीही गरज नाही. देश ‘भारत’ निवडायचा, प्रकार ‘सर्व जाहिराती’ ठेवायचा आणि शब्द टाकायचा.

उदाहरणादाखल ‘कूलर’ हाच शब्द घेऊ. उन्हाळ्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि कूलर ही इथे चैन राहत नाही. शोधाची भाषा मराठी केली की यादी आटोक्यात येते. प्रत्येक जाहिरातीच्या चौकटीत तिचा क्रमांक, ती कोणत्या तारखेपासून चालू आहे ती तारीख आणि ती कुठे कुठे दिसते याच्या खुणा असतात. नवखा माणूस आधी चित्र पाहतो. जाणकार तारीख पाहतो. तीन दिवसांपूर्वी सुरू झालेली जाहिरात म्हणजे कोणाचा तरी प्रयोग. तो फसतही असेल. दोन महिने अखंड चालू असलेल्या जाहिरातीत कोणी तरी रोज पैसे घालतो आहे, आणि तोट्यात कोणी दोन महिने पैसे घालत नाही. त्याच मजकुराच्या आणखी तीन-चार आवृत्त्या चालू असतील तर तो माणूस ओळी आणि चित्रे बदलून कशाला जास्त क्लिक येतात हे तपासतो आहे. आठवड्याने त्यातली जी उरेल, ती त्याच्या खर्चाने निघालेले उत्तर समजावे.

दोन महिन्यांना एवढे वजन का, हे हिशोबात दिसते. कूलर ७,००० रुपयांचा आणि कमिशन ५ टक्के धरले, तर एका विक्रीमागे ३५० रुपये सुटतात. एका क्लिकला ४ रुपये पडतात असे धरले, तर १०० क्लिकांना ४०० रुपये लागतात. शंभरात एकानेच कूलर घेतला तर ५० रुपयांचा तोटा. दोघांनी घेतला तर ३०० रुपये हाती उरतात; पण दोनातला एक परत गेला तर कमिशन मागे घेतले जाते आणि पुन्हा तोटा. शिवाय मुदतीचा प्रश्न आहे. अ‍ॅमेझॉनच्या नेहमीच्या नियमात लिंकवरची खूण २४ तासच जिवंत राहते. कूलर कोणी एका दमात घेत नाही. घरात चर्चा होते, भिंत मोजली जाते, पगाराची वाट पाहिली जाते. चौथ्या दिवशी तोच माणूस स्वतः दुकानाच्या पानावर गेला तर पहिल्या दिवशी त्याला आणणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एवढे सगळे असूनही एखादी जाहिरात दोन महिने टिकते, तेव्हा तिच्या मागे काही तरी युक्ती असतेच, आणि अभ्यास करायचा तो त्या युक्तीचा.

ती बहुधा क्लिकनंतरच्या पानावर सापडते. जाहिरातीतून थेट दुकानाच्या पानावर नेले असेल तर समोरचा घाईत आहे, किंवा त्याला कमिशन भरपूर आहे. मध्ये त्याचे स्वतःचे पान असेल तर ते सावकाश वाचावे. दहा बाय बाराच्या खोलीला किती लिटरची टाकी, बोअरच्या खाऱ्या पाण्यात हनीकॉम्ब जाळी टिकते की गवताची बरी, महिन्याचे वीजबिल किती वाढते, असे प्रश्न तिथे सोडवलेले असतील, तर तो माणूस गिऱ्हाइकाची घरातली चर्चा स्वतःच्याच पानावर घडवून आणतो आहे. निर्णय झाल्यावरच लिंक दाबली जाते आणि २४ तास पुरतात. पानावरच्या बटणावर बोट दाबून धरले किंवा संगणकावर त्यावर बाण नेला की पुढचा पत्ता दिसतो. त्या पत्त्याच्या शेपटीत ‘टॅग’ या शब्दापुढे अ‍ॅफिलिएटची खूण असते. अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या खुणा साधारणपणे २१ या आकड्याने संपतात. ‘यूटीएम’ने सुरू होणारे शब्द असतील तर जाहिरात कोणत्या माध्यमातून आली आणि मोहिमेला काय नाव दिले आहे, हे समोरच्याने स्वतःसाठी केलेले टिपणच वाचायला मिळते. तीच खूण दुसऱ्या पानावर दिसली तर दोन्ही पाने एकाच माणसाची.

पानाची जन्मपत्रिकाही पाहावी. फेसबुक पानाच्या पारदर्शकतेच्या भागात ते कधी तयार झाले, आधी त्याचे नाव काय होते आणि ते कोणत्या देशातून चालवले जाते, हे दिलेले असते. विनोदी व्हिडिओंसाठी काढलेले पान नाव बदलून घरगुती वस्तू विकू लागले असेल, तर त्याचे लाखभर अनुयायी पाहून घाबरण्याचे कारण नाही. ते कूलरसाठी जमलेले नाहीत.

गूगलने मार्च २०२३ मध्ये ‘अ‍ॅड्स ट्रान्स्परन्सी सेंटर’ सुरू केले. तिथे जाहिरातदाराच्या नावाने किंवा संकेतस्थळाने शोधता येते आणि शोध, यूट्यूब व इतर ठिकाणच्या त्याच्या जाहिराती दिसतात. पडताळणी झालेल्या जाहिरातदाराचे कायदेशीर नाव तिथे असते. पानावरचे झगमगीत नाव आणि खरा मालक यांतला फरक तिथे उघड होतो. लोक नेमके काय टाइप करतात हे पाहायला गूगल ट्रेंड्स आहे. त्यातले आकडे प्रत्यक्ष संख्या नसून ० ते १०० या पट्टीवरचे तुलनात्मक आकडे असतात, हे विसरले की फसगत होते. एकाच वस्तूचे शब्दही अनेक असतात : कोणी ‘केळी वेफर्स’ लिहितो, कोणी ‘केळीचे चिप्स’, कोणी तेच रोमन लिपीत, आणि बऱ्हाणपूरकडचा माणूस हिंदीत. समोरच्याने यातला कोणता शब्द मोकळा सोडला आहे हे शोधणे, त्याने धरलेल्या शब्दावर जाऊन भांडण्यापेक्षा स्वस्त पडते. सेमरश, अहरेफ्स, सिमिलरवेब ही विकतची साधने स्पर्धकाच्या संकेतस्थळावर किती लोक येतात आणि कोणते शब्द शोधून येतात हे सांगतात. पण ते अंदाज असतात आणि जिल्ह्यापुरत्या छोट्या संकेतस्थळांबाबत फारच ढोबळ. सुरुवातीच्या माणसाने त्यांच्यावर दरमहा पैसे घालू नयेत.

या मोफत साधनांनाही मर्यादा आहेत. भारतात मेटाच्या लायब्ररीत नेहमीच्या व्यापारी जाहिरातीवर किती खर्च झाला, ती किती जणांनी पाहिली, कोणत्या वयोगटाला किंवा जिल्ह्याला दाखवली, यांतले काही दिसत नाही. राजकीय जाहिरातींचे दिसते आणि त्या सात वर्षे जपल्याही जातात. व्यापारी जाहिरात बंद झाली की ती लायब्ररीतून जाते. खान्देशात याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. अक्षय्य तृतीया इथे आखाजी असते, सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, घरात खरेदी होते. गेल्या आखाजीला कोणी कधी, काय म्हणून जाहिरात केली हे या आखाजीला शोधायला गेले तर काही सापडत नाही. म्हणून वही ठेवावी लागते : तारीख, जाहिरातीचा क्रमांक, पहिली ओळ, किंमत, लिंक कुठे जाते, आणि सोबत स्क्रीनशॉट. आठवड्यातून एकदा अर्धा तास पुरतो. दोन हंगामांची अशी वही झाली की ती कोणत्याही विकतच्या साधनापेक्षा जास्त सांगते.

जाहिरातीखालच्या प्रतिक्रिया त्या वहीत जरूर उतरवाव्यात. ‘आमच्या गावाला येतो का’, ‘हप्त्यावर मिळेल का’, ‘बिघडला तर कोण येणार’ या प्रश्नांना समोरच्याने उत्तर दिले नसेल, तर पुढच्या जाहिरातीची पहिली ओळ तिथेच सापडली.

पाहणे आणि उचलणे यांत मात्र कायद्याची रेघ आहे. उघड असलेली जाहिरात पाहणे, तिची नोंद करणे यात काही गैर नाही. तिचा फोटो, व्हिडिओ किंवा मजकूर जसाच्या तसा घेणे हा कॉपीराइटचा भंग आहे. स्पर्धकाच्या खात्यात शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे. दुसऱ्याच्या ब्रँडचे नाव गूगलवर कीवर्ड म्हणून वापरण्याचा वाद मेकमायट्रिप आणि बुकिंग डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपन्यांत झाला. गिऱ्हाइकाचा गोंधळ होत नसेल तर नुसता तसा वापर म्हणजे ट्रेडमार्कचा भंग नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये म्हटले आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. पण अ‍ॅफिलिएटचा कंपनीशी असलेला करार वेगळा असतो. अ‍ॅमेझॉनसह अनेक कंपन्या आपल्या नावावर बोली लावायला अ‍ॅफिलिएटला मनाई करतात आणि सापडला तर कमिशन अडवतात. समोरचा ते करतो आहे म्हणजे त्याला परवानगी आहे, असे धरू नये.

स्पर्धकाची चालणारी जाहिरात बेकायदाही असू शकते. मधुमेह बरा करण्याचा दावा करणारी चूर्णे अ‍ॅफिलिएट बाजारात जोरात विकली जातात. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने तशी जाहिरात निषिद्ध आहे. पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणाऱ्याला २०२५ च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘जळगाव केळी’ आणि ‘जळगाव भरीत वांगी’ यांना २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. कोणाच्या वेफर्सच्या जाहिरातीत ते चिन्ह दिसले म्हणून आपल्याही पाकिटावर टाकता येत नाही; तो हक्क नोंदणीकृत वापरकर्त्यांचा आहे. कमिशन मिळते हे गिऱ्हाइकाला सांगणे तर सक्तीचेच आहे. जाहिरात मानक परिषदेचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही हा संबंध उघड करण्याचे बंधन आहे. मराठी जाहिरातीत ‘या लिंकवरून खरेदी केल्यास आम्हाला कमिशन मिळते’ एवढे वाक्य पुरते. लायब्ररीत स्पर्धकांच्या पन्नास जाहिराती पाहिल्या आणि एकीतही ते वाक्य दिसले नाही, तरी आपल्या जाहिरातीत ते पहिल्या दिवसापासून घालावे.