दंपतीचें घर आणि दोन रात्रींचें बिऱ्हाड

हल्लीं विवाहाचा वाढदिवस जवळ आला म्हणजे तरुण जोडप्यांच्या मनांत एक नवीनच इच्छा उद्भवूं लागली आहे. घरीं गोडधोड करावें, देवापुढें नारळ ठेवावा, वडील माणसांना नमस्कार करावा, एवढ्यानें त्यांचें समाधान होत नाहीं. एखाद्या मोठ्या शहरांत जावें, तेथील टुमदार व सर्व सुखसोयींनीं युक्त अशा हॉटेलांत दोन रात्री राहावें, आणि तेवढ्या वेळांत आपणां दोघांवांचून तिसऱ्या कोणाचीहि वास्तपुस्त करूं नये, असें त्यांस वाटतें. आमचें पाली हें लहानसें गांव. मुंबई-गोवा रस्त्याला येथेंच कोल्हापूरची वाट फुटते, आणि त्या वाटेनें मोटारींबरोबर नव्या कल्पनाहि येतात. ही इच्छा आतां येथील माजघरापर्यंत येऊन पोंचली आहे. आणि ती पोंचली कीं घरांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ही निव्वळ उधळपट्टी. दुसरा म्हणतो, हा आमचा हक्क. दोहोंचेंहि म्हणणें ऐकून घेऊन शांतपणें विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

जन्म शिक्षकी पेशांत गेल्यामुळें शब्दापासून आरंभ केल्याशिवाय मला चालवत नाहीं. नवराबायकोंस संस्कृतांत 'दंपती' म्हणतात. वैदिक भाषेंत 'दम्' म्हणजे घर, आणि 'दंपति' म्हणजे घराचा धनी. त्याचें द्विवचन 'दंपती', म्हणजे घराचे दोघे धनी. लॅटिन भाषेंतील 'डोमुस' हा घर या अर्थाचा शब्द याच कुळांतला होय. पुढील वैयाकरणांनीं 'जाया' आणि 'पति' यांच्या समासांतून या शब्दाची सिद्धि केली आहे. तथापि मूळचा अर्थ विचार करावयास लावणारा आहे. कारण आमच्या एकत्र कुटुंबांत घराचे हे दोन धनी घरांत कोठें असत, असें विचारलें तर उत्तर देणें कठीण पडतें.

कोंकणांतील जुनें घर डोळ्यांपुढें आणावें. ओटीवर पुरुषमंडळी, माजघरांत बायकामुलें, पडवींत आलागेला, माळ्यावर अडगळ. बाळंतिणीसाठीं अंधारी खोली होती, देवांसाठीं देवघर होतें, भातासाठीं कणगी होती. पण दोन जीवांनीं मोकळेपणानें चार शब्द बोलावे अशी जागा क्वचितच असे. वडील माणसांसमक्ष नवऱ्यानें बायकोला हांक मारणेंहि अविनय समजला जाई. रमाबाई रानडे यांचें 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' हें १९१० सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक ज्यांनीं वाचलें आहे, त्यांस ठाऊक आहे कीं, पतीपाशीं लिहावयास-वाचावयास शिकणें एवढ्या साध्या गोष्टीसाठीं त्या माउलीला घरांतील वडील बायकांचीं किती बोलणीं सोसावीं लागलीं. न्यायमूर्तींच्या घरची ही कथा, मग सामान्यांची काय असेल?

त्यांतहि आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचें दुःख निराळें. येथील पुरुष पिढ्यान् पिढ्या मुंबईस चाकरमानी, आणि बायको गांवीं. कांहींजणी मुंबईस बिऱ्हाड करावयास गेल्या, तर तेथेंहि चाळींतली एकच खोली. १९२० नंतरच्या दशकांत सरकारनें वरळी, नायगांव वगैरे भागांत ज्या बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील एका खोलीचें क्षेत्रफळ १६० चौरस फूट. आणि तेवढ्यांत कुटुंबाबरोबर गांवाकडचे दोनचार पाहुणे. अशा स्थितींत संसार झाले, मुलेंबाळें झालीं, त्यांचीं शिक्षणें झालीं. त्या पिढीच्या सोशिकपणाला नमस्कारच केला पाहिजे. परंतु आम्हीं सोसलें म्हणून तुम्हींहि सोसावें, हा न्याय मात्र नव्हे.

आतां हॉटेलांविषयीं. आपल्या लोकांना हॉटेल म्हणजे प्रवासांतील अपरिहार्य आपत्ति असेंच दीर्घ काळ वाटत आलें. मुंबईंत १८६० नंतरच्या दशकांत लोखंडी सांगाडा इंग्लंडांत घडवून आणून उभारलेलें वॉटसन हॉटेल केवळ गोऱ्यांसाठीं होतें. ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा या देशांतील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजीं तेथेंच झाला. जमशेटजी टाटा यांना तेथें प्रवेश नाकारला गेला आणि त्या अपमानांतून ताजमहाल हॉटेल उभें राहिलें, अशी गोष्ट सांगतात. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. ताजमहाल हॉटेल मात्र १६ डिसेंबर १९०३ रोजीं उघडलें, हें खरें. त्याचा आराखडा ज्यांनीं केला त्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे आपले महाराष्ट्रीय गृहस्थ होते, ही गोष्ट आमच्या मुलांना सांगण्यासारखी आहे. त्याच्या समोरचें गेटवे ऑफ इंडिया १९२४ सालचें, म्हणजे हॉटेलाहून एकवीस वर्षांनीं धाकटें. जमशेटजी हॉटेल उघडल्यावर पुरते सहा महिनेहि जगले नाहींत. पहिल्या महायुद्धांत त्याच इमारतींत ६०० खाटांचें इस्पितळ झालें, आणि नोव्हेंबर २००८ मधील हल्ल्याचे घाव सोसूनहि तें पुन्हां उभें राहिलें.

मध्यम स्थितींतल्या मराठी माणसांचीं स्थानें निराळीं. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहांत लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजीं त्यांनीं देह ठेवला तोहि तेथेंच. आमच्या रत्नागिरींत जन्मलेला हा महापुरुष अखेरच्या घटकेस एका विश्रांतिगृहाच्या खोलींत होता. पुण्यास लक्ष्मी रस्त्यावर चित्रपट-दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं १९३५ सालीं पूना गेस्ट हाउस काढलें. अशा ठिकाणीं लोक जात ते लग्नकार्यासाठीं, कोर्टाच्या कामासाठीं, दुखणाईताला डॉक्टरला दाखविण्यासाठीं. नवराबायको केवळ एकमेकांच्या सहवासासाठीं तेथें उतरलीं, असें कोणी सांगितलें असतें तर ऐकणारा हंसला असता.

सध्यां ज्याचा फार बोलबाला आहे तें 'बुटीक हॉटेल' या सर्वांहून वेगळें. फ्रेंच भाषेंत बुटीक म्हणजे लहानसें दुकान. १९८४ सालीं न्यूयॉर्क येथें इयान श्रेगर व स्टीव्ह रुबेल यांनीं मॉर्गन्स नांवाचें हॉटेल काढलें, तेव्हांपासून हा प्रकार विशेष रूढ झाला. शेंकडों सारख्या खोल्यांऐवजीं मोजक्याच खोल्या, प्रत्येकीची सजावट निराळी, यजमान पाहुण्याला नांवानें ओळखणारा, आणि इमारत शक्य तों जुनी व त्या गांवचा स्वभाव दाखविणारी, हीं त्याचीं लक्षणें. मुंबईंत कुलाब्याच्या बाजूस आणि पणजीच्या फोंतेन्हास भागांत जुन्या घरांना असें नवें रूप मिळालें आहे. तेथें भपक्यापेक्षां निगा अधिक असते, आणि भाडें बहुतांशीं त्या निगेचें असतें.

हें सर्व पाश्चात्त्यांचें अनुकरण, असें कोणी म्हणेल. 'मधुचंद्र' हा शब्द इंग्रजीवरून बनविलेला आहे खरा. परंतु कल्पना तेवढी परकी नाहीं. वात्स्यायनानें नागरकाच्या घराचें जें वर्णन केलें आहे तें पाहावें. पाण्याजवळ घर, लगत बाग, दोन्ही टोंकांस उशा असलेली मऊ शय्या व तिच्यावर शुभ्र आच्छादन, उशाशीं चौथऱ्यावर उटणें, फुलांच्या माळा, सुगंधाची डबी, महाळुंगाची साल आणि तांबूल. खुंटीला वीणा, जवळ चित्राचा फलक, एखादें पुस्तक. बाहेर पिंजऱ्यांत पक्षी आणि बागेंत झोपाळा. आजचा कुशल हॉटेलवाला याहून अधिक काय मांडणार? कालिदासाच्या कुमारसंभवांत विवाहानंतर शिवपार्वती घर सोडून मेरु, मलय, गंधमादन अशा पर्वतांवर विहार करतात. ज्यांना जगत्पितर म्हणून आपण वंदन करतों, त्यांनाहि सासुरवाडीहून दूर जावेंसें वाटलें!

आतां आमच्या गांवांतील एका घरची हकीगत सांगतों. घरांत माणसें अकरा. थोरल्या सुनेच्या लग्नाला नऊ वर्षें झालीं. मुलानें दोन रात्रींसाठीं मुंबईस एका लहानशा हॉटेलांत जाण्याचा बेत सांगितला, तेव्हां त्याची आई म्हणाली, "एवढे पैसे काय निजायला मोजायचे? घरांत चटया नाहींत?" तथापि सासरे मध्यें पडले आणि तीं दोघें गेलीं. परत आल्यावर सासूबाईंनीं किमतीविषयीं चकार शब्द काढला नाहीं. संध्याकाळीं मागल्या दारीं भाजी निवडतांना त्यांनीं सुनेला एकच प्रश्न केला, "अगो, तिथें सकाळचा चहा करी कोण?" सून म्हणाली, "एक मुलगा आणून देई, आई. मी आधीं पिऊन घेई आणि मग उठे. नऊ वर्षांत पहिल्यानेंच चहा गरम लागला."

सासूबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. त्यांच्या लग्नाला सेहेचाळीस वर्षें झालेलीं. त्यांतलीं तीस वर्षें यजमान मुंबईस आणि त्या पालीस. त्या उभ्या काळांत त्या चार वेळां मुंबई पाहून आल्या, आणि चारहि वेळां आठ माणसांच्या एका खोलींत निजल्या. पुढें मे महिन्यांत त्यांनींच सुताराला बोलावून पडवीचें एक टोंक फळ्या ठोकून बंद करविलें, आणि दाराला आंतून कडी बसवून घेतली. ही हकीगत त्या घरच्या संमतीनें, नांवें गाळून, येथें दिली आहे. तिच्यावरून माझ्या मतें वादाचा निकाल लागतो. त्या सुनेनें हॉटेलांत झुंबरें पाहिलीं नाहींत. तिनें एक सकाळ पाहिली, जी तिची स्वतःची होती.

तरीहि आक्षेपांचा विचार केला पाहिजे. पहिला खर्चाचा. ऋण काढून सण करूं नये हें खरेंच. कर्जानें किंवा शेजाऱ्याला दाखविण्यासाठीं केलेला असला प्रवास सुख देत नाहीं. परंतु मुंजीच्या एका जेवणावळींत जेवढें अन्न टाकलें जातें, त्याच्या किमतींत पुष्कळदां हा प्रवास होतो, हेंहि विसरूं नये. दुसरा आक्षेप मर्यादेचा. विवाहित स्त्रीपुरुषांनीं एकत्र राहण्यांत मर्यादाभंग कोणता, हें मला समजत नाहीं. मर्यादा सुटते ती त्या सहवासाचीं छायाचित्रें क्षणोक्षणीं जगाला दाखविल्यानें. जो एकांत दाखविला तो एकांत उरत नाहीं. तिसरा आक्षेप मुलांचा. आजीआजोबांपाशीं दोन रात्री राहिल्यानें नातवंडें बिघडत नाहींत. उलट एकत्र कुटुंबाचा जो खरा लाभ, तो हाच. मात्र आजीवर भार टाकतांना तिची प्रकृति विचारावी, आणि परत आल्यावर तिलाहि दोन दिवसांची विश्रांति द्यावी.

ज्यांना जावयाचें असेल त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. भाडें विचारतांना करासह किती तें विचारावें. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून अधिक भाड्याच्या खोलीवर १८ टक्के कर आहे. न्याहारी भाड्यांत धरली आहे कीं निराळी, हें लिहून घ्यावें. खोली बहुधा दुपारीं मिळते व दुसऱ्या दिवशीं दुपारच्या आंत सोडावी लागते. म्हणून पहांटेच्या गाडीनें पोंचणाऱ्यानें आधीं कळवावें. दोघांनींहि आपापलें ओळखपत्र जवळ ठेवावें. आणि मुंबईंतले काका, मावश्या व मामेभाऊ यांना या खेपेस कळवूं नये; त्यांना भेटावयास पुढची खेप आहेच. कुलाब्यास उतरल्यास सकाळीं समुद्राच्या कडेनें पायीं फिरावें, त्याला पैसा पडत नाहीं.

मुंबईस जाणें न जमलें तरी हरकत नाहीं. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाल्यापासून गोवा जवळ आला आहे. आंबा घाट चढून गेल्यास कोल्हापूर तर आमच्या शेजारींच. आणि ज्यांच्या लग्नाला चाळीस-पन्नास वर्षें झालीं, त्यांनाहि मुलांनीं एकदां असें पाठवावें. यात्रेला सर्व मिळून जातात. तेथें आई सर्वांचीं वळकटीं बांधते आणि वडील सर्वांचीं तिकिटें सांभाळतात. त्यांना एकदां कांहीं न सांभाळतां जाऊं द्यावें.

शेवटीं एवढेंच म्हणावयाचें कीं, हॉटेलांतील खोली दोन रात्रींची. तिसऱ्या दिवशीं किल्ली परत द्यावी लागते. ज्या घरीं परत यावयाचें, तेथें वर्षांतल्या उरलेल्या दिवसांची सोय काय, हा प्रश्न वडील माणसांनीं आपल्या मनाशीं विचारावा. एखादी भिंत, एखादें दार, रात्रीं नऊनंतर सुनेला हांक न मारण्याचा नेम, यांस फारसा खर्च येत नाहीं. दंपती म्हणजे घराचे दोघे धनी असें भाषा सांगते. त्यांच्या वांट्याला घराचा एक कोपरा आला म्हणून एकत्र कुटुंब मोडत नाहीं; तें टिकावयाचें असेल तर अशाच घरांत टिकेल.