भाग, घटक आणि अण्णांचा रेडिओ

अण्णा गेले, गावचे घर विकले आणि आम्हा भावंडांत वाटणी झाली. फार काही नव्हतेच. माझ्या वाट्याला अण्णांचा जुना व्हॉल्व्हचा रेडिओ आला. आला म्हणण्यापेक्षा मी तो मागून घेतला, हेच खरे. ताईच्याही मनात तो होता, हे मला फार उशिरा कळले.

रेडिओ घरी आला तो मुकाच. भाचीला बरोबर घेऊन दुरुस्तीला नेला. दुकानदाराने मागचा पुठ्ठा काढून बराच वेळ आत डोके घातले आणि म्हणाला, "बाकीचे कंपोनंट ठीक आहेत, पण एक व्हॉल्व्ह गेलाय. हा पार्ट आता नवा येत नाही."

भाची पॉलिटेक्निकला शिकते. पायऱ्या उतरताना तिने विचारले, "मामा, पार्ट आणि कंपोनंट एकच ना? मग दोन शब्द कशाला?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन शब्दकोश काढले आणि रविवारची दुपार त्यातच गेली.

'कंपोनंट' हा मूळचा लॅटिन. 'कोम' म्हणजे एकत्र आणि 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. इंग्रजीत तो सतराव्या शतकात रुळला. त्याच्या शेवटी जो 'अंट' आहे, तोच एजंट, स्टुडंट, प्रेसिडेंट या शब्दांच्या शेवटी आहे. त्याचा अर्थ 'करणारा'. म्हणजे कंपोनंट हा नुसता तुकडा नव्हे. तो एकत्र जुळवणारा. याचे नातेवाईकही आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत. छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर, दवाखान्यात औषधे एकत्र करून बाटलीला कागदाची पट्टी लावणारा कंपाऊंडर, आणि बागेतले कंपोस्ट खतसुद्धा! (बंगल्याच्या कंपाऊंडला मात्र या घरात घेऊ नका. तो मलय भाषेतल्या 'कांपुंग'वरून, म्हणजे वस्ती या अर्थाच्या शब्दावरून आला, असे बहुतेक अभ्यासक मानतात.)

आता आपला मराठी 'घटक' पाहा. संस्कृत 'घट्' धातूत जुळणे, घडणे हा भाव आहे. त्यापुढचा 'अक' तोच, जो लेखक, वाचक, गायक यांत आहे. लिहितो तो लेखक, तसा घडवतो तो घटक. संघटना, विघटन, राज्यघटना हे सगळे याच धातूचे. एकमेकींची ओळखदेख नसलेल्या दोन भाषांनी 'जुळवणारा' ही एकच कल्पना उचलावी, याची मला गंमत वाटली.

'पार्ट'ची गोष्ट उलट्या टोकाने सुरू होते. लॅटिन 'पार्स' म्हणजे वाटा, हिस्सा. पार्टिशन, पार्टनर, पार्टी, पार्सल ही सारी त्याचीच प्रजा. पार्सल म्हणजे मुळात लहानसा भाग, मग ते जमिनीचे असो की मिठाईचे. इथेही मराठी मागे नाही. 'भाग' शब्द 'भज्' धातूवरून आला. भज् म्हणजे वाटणे, वाटा देणे. विभाग, भागीदार, भागाकार त्यातूनच. वाट्याला येते ते भाग्य, हेही त्यातूनच.

म्हणजे घटक जोडण्यातून जन्मतो आणि भाग तोडण्यातून. इथवर आलो तेव्हा वाटले, झाले, भाचीला देण्याजोगे उत्तर मिळाले. थोडे वाईटही वाटले, कारण आपल्या घरात जे झाले ते दुसऱ्या जातीचे होते.

पण कोशाचे पान उलटले आणि उत्तर बिघडले. 'भक्ती' हा शब्दही याच 'भज्'चा निघाला. आणि 'भक्त' या शब्दाचा संस्कृतात आणखी एक अर्थ आहे : वाढून दिलेले अन्न. त्याच 'भक्त'चा झिजत झिजत झाला आपला 'भात'! आई पंगतीत एकेकाच्या पानावर भाताची मूद वाढत जायची, तेही वाटणेच होते. त्या वाटण्याने कोणी दूर गेले नाही. तेव्हा भाग या शब्दाला तोडण्याचा दोष द्यायला मी निघालो होतो, तो मला मागे घ्यावा लागला. दोष असलाच तर मागून घेणाऱ्याचा.

पंधरा दिवसांनी दुकानदाराचा फोन आला. भंगारात आलेल्या दुसऱ्या एका रेडिओतून तसाच व्हॉल्व्ह काढून त्याने आमच्या रेडिओत बसवला होता. मी संध्याकाळी तो घरी आणला. बटण फिरवले, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबलो. आधी खरखर, मग आवाज.

लगेच भाचीला फोन केला. ती हसून म्हणाली, "मामा, दुसऱ्याचा काढून लावलाय ना? मग तो आता पार्ट की कंपोनंट?"

मी म्हटले, "ते नंतर सांगतो. आधी आईला फोन दे."