केमचं कुंकू आणि तुमचं कपाळ

मुलामुलींनो, एक गोष्ट तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी कधी ना कधी घडलेली असणार. डब्यातल्या भाजीचा रस्सा शाळेच्या पांढऱ्या शर्टावर सांडतो. पिवळा डाग पडतो. घरी आल्यावर आई त्यावर साबण घासते आणि काय आश्चर्य! डाग जायच्या ऐवजी चांगला लाल होतो. मग "कुठं पाडून घेतलंस हे?" म्हणून पाठीत एक धपाटा. खरं म्हणजे त्या वेळी तुमच्या मोरीत रसायनशास्त्राचा एक झकास प्रयोग झालेला असतो. कुंकवाचा जन्म याच प्रयोगातून झाला, आणि त्या कुंकवावर आमच्या गावातल्या कितीतरी घरांची चूल पेटते.

आमचं गाव केम. सोलापूर जिल्हा, करमाळा तालुका. पुण्याहून सोलापूरकडे रेल्वेनं निघालात, की जेऊर मागं पडल्यावर आणि कुर्डूवाडी यायच्या आधी आमचं स्टेशन लागतं. गावात उत्तरेश्वराचं देऊळ आहे. पण बाहेरगावी केमचं नाव काढलं, की लोक पहिल्यांदा विचारतात, "म्हणजे कुंकवाचं केम ना?" होय, तेच. इथं कुंकवाचे कारखाने आहेत. यात्रेच्या गावी दुकानांतून लाल रंगाचे निमुळते ढीग रचलेले तुम्ही पाहिले असतील. पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा दुकानदाराला "कुठलं कुंकू?" असं जरूर विचारा.

आता कुंकवावर लिहावंसं मला का वाटलं, ते सांगते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगी होती. तिची टिकली दिवसेंदिवस मोठी होत चालली होती. आधी मसुराएवढी, मग वाटाण्याएवढी, मग थेट रुपयाएवढी. पोरं हसायची. एकदा लंगडी खेळताना घामानं टिकली निघून पडली आणि सगळे गप्प झाले. टिकलीखालची कातडी पांढरी पडली होती. डाग झाकायला ती टिकली मोठी करत होती, आणि टिकली डागाला मोठा करत होती! डॉक्टरांनी टिकली बंद करायला सांगितली. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा टर्शरी ब्यूटाइल फिनॉल नावाचं रसायन असतं. (नाव पाठ करू नका, परीक्षेत येणार नाही.) त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. काही जणांच्या त्वचेत या रसायनामुळे त्या पेशी मरतात, आणि तेवढी जागा पांढरी पडते. टिकली थांबवल्यावर त्या मुलीचा डाग वाढायचा थांबला. पण तो पुरता गेलेला नाही.

त्या दिवशी मला वाटलं, आपण वहीचं कव्हर निवडताना चार दुकानं हिंडतो, आणि रोज कपाळावर जे लावतो त्यात काय आहे, हे कधी विचारतसुद्धा नाही.

मध्यंतरी माझ्या दोन जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या. आता हायस्कूलात आहेत. "बाई, ब्राँझर म्हणजे काय हो?" फोनवर कुठंतरी पाहिलं होतं त्यांनी. ज्या देशांत वर्षातले कित्येक महिने धड ऊन पडत नाही, तिथल्या गोऱ्या लोकांना उन्हात हिंडून आल्यासारखं दिसायची हौस असते. म्हणून ते गालांवर, कपाळावर तपकिरी भुकटी फिरवतात. तीच ही ब्राँझर. मी म्हटलं, "अगं, चैत्रात दोन दिवस आमच्या शाळेच्या मैदानावर खेळा, फुकटात मिळेल!" पोरी हसल्या. पण त्यांचा पुढचा प्रश्न चांगला होता. "मग लावलेलं आहे हे कळू नये, असं कसं लावायचं?" ब्राँझर असो की कुंकू, निवडायची आणि लावायची रीत फारशी वेगळी नाही. मला कुंकवाची ठाऊक आहे, ती सांगते.

आधी ते होतं कसं ते पाहू. हळदीचा पिवळेपणा कुरकुमिन या द्रव्यामुळं येतो. फोगेल आणि पेल्तिए या दोघांनी ते १८१५ साली हळदीतून वेगळं काढलं. शंभर ग्रॅम हळदीत ते साधारण दोन ते पाच ग्रॅमच असतं, पण तेवढं पुरे होतं. साबण, सोडा, चुन्याची निवळी हे सगळे अल्क. अल्क लागलं, की कुरकुमिन लाल होतं. वर लिंबू पिळलं, की पुन्हा पिवळं. घरी करून पाहा. टिपकागदावर हळदीचं पाणी फासा, वाळवा आणि साबणाच्या पाण्यानं त्यावर आपलं नाव लिहा.

आता एक कोडं. जुन्या पद्धतीत कुंकू करताना हळकुंडांना टाकणखाराबरोबर लिंबाचा रस लावतात. लिंबानं तर लाल रंग पिवळा होतो. मग लिंबू कशाला? गंमत इथंच आहे. टाकणखारात बोरॉन असतं. लिंबाच्या आंबटपणात बोरॉन आणि कुरकुमिन यांची जोडी जमते, आणि वाळता वाळता निराळाच लाल रंग तयार होतो. तो साबणाच्या लालीसारखा लिंबानं पळून जात नाही. बोरॉन ओळखायला प्रयोगशाळेत हळदीचा कागद वापरतात, तो याच कारणानं. आमच्या आज्या-पणज्यांनी बोरॉनचं नाव ऐकलं नव्हतं, पण लिंबू किती पिळायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं. हळकुंडं मग सावलीत वाळवतात आणि दळतात. सावलीत का, ते शेवटी कळेल.

हे झालं हळदीचं कुंकू. बाजारात मिळणारं प्रत्येक कुंकू असं नसतं. पिठासारखी भुकटी आणि कारखान्यातला रंग मिसळूनही पिंजर तयार होते, आणि ती स्वस्त पडते. ओळखायचं कसं? पहिली कसोटी गणिताची. दुकानात किलोभर हळदीचा भाव विचारा आणि किलोभर कुंकवाचा विचारा. कुंकू हळदीपेक्षा स्वस्त असेल, तर ते हळदीपासून कसं झालं असेल? (कर वाचला म्हणून स्वस्त, असं कोणी म्हणेल. २०१७ साली जीएसटी आला, तेव्हा कुंकू आणि टिकली करातून मोकळी ठेवली, हे खरं. पण तेवढ्यानं हिशेब जुळत नाही.) दुसरी कसोटी डोळ्यांची आणि नाकाची. हळदीचं कुंकू गडद, थोडं विटकरीकडे झुकणारं असतं आणि त्याला हळदीचा वास येतो. डोळ्यांत भरणारा राणी रंग हळदीतून निघत नाही. चिमूटभर कुंकू पेलाभर पाण्यात टाकलं आणि पाणी लगेच भडक गुलाबी झालं, तर त्यात वरून रंग घातलाय हे समजा. पण पाणी स्वच्छ राहिलं म्हणून कुंकू शुद्धच, असं मात्र नाही. काही रंग पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात. सुदान म्हणून रंगांची एक जात आहे, ती त्यातलीच. खाण्याच्या पदार्थांत तिला बंदी आहे. कुंकवाच्या जागी खाज सुटून कातडी काळवंडते अशा रुग्णांचा त्वचारोगतज्ज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा काही कुंकवांत हा रंग सापडला होता.

म्हणून खरी कसोटी आपली त्वचा. नवीन कुंकू एकदम कपाळावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर लावा, दोन-तीन दिवस रोज. खाज, पुरळ, लाली काही आलं नाही, तर वापरा. मी स्वतः हे केलं नव्हतं. एका यात्रेत सुटं कुंकू घेतलं, लगेच लावलं आणि आठ दिवस कपाळ खाजवत वर्गात उभी होते. मुलं फळ्याकडं कमी आणि माझ्याकडं जास्त पाहायची. तेव्हापासून मी सुटं घेत नाही. पाकिटावर कुणी बनवलं, कुठं बनवलं, आत काय काय आहे हे छापलेलं असेल तेच घेते.

लावायची रीत जुनीच चांगली. कपाळ धुऊन कोरडं करायचं. बोटाच्या टोकावर किंचित मेण घेऊन ते ठिपक्याएवढंच टेकवायचं. त्यावर पिंजर दाबायची, घासायची नाही. मेण जेवढं, तेवढंच कुंकू बसतं. बाकीचं कोरड्या, मऊ फडक्यानं हलकेच टिपायचं. फुंकर मारू नका, सगळं डोळ्यांत जातं. सावळ्या कपाळावर गडद लाल फार शोभून दिसतं, आणि ठिपका लहान असला तरी दुरून उठून दिसतो. रात्री झोपताना खोबरेल तेलाच्या बोटानं पुसून काढा, मग तोंड धुवा. आधीच साबण लावलात तर काय होईल? शर्टाचा डाग आठवा!

शेंदराचं मात्र वेगळं. पूर्वापार शेंदूर शिशापासून करतात, आणि शिसं हे विष आहे, लहान मुलांच्या मेंदूला तर फारच. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या आणि भारतातल्या दुकानांतून भांगात भरायच्या सिंदूराचे ११८ नमुने घेतले. त्यांचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. दर पाचांतल्या चार नमुन्यांत कमी-अधिक शिसं होतं. मारुतीला नमस्कार जरूर करा, पण शेंदराचं बोट तोंडात घालू नका आणि प्रसाद खाण्याआधी हात धुवा.

हे सगळं वर्गात सांगत होते, तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलानं विचारलं, "बाई, माझी आजी कारखान्यात कुंकू भरायला जाते. मग ती स्वतः का लावत नाही?" त्याचे आजोबा वारले आहेत. वर्गातल्या कितीतरी मुलांना उत्तर माहीत होतं, पण कोणी बोललं नाही. मी त्यांना हेरवाडची गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हे गाव आहे. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, ही प्रथा आमच्या गावात बंद, असा ठराव तिथल्या ग्रामसभेनं ४ मे २०२२ रोजी केला. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "मी आजीला विचारतो." दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं, काय म्हणाली रे? "हसली, आणि म्हणाली, डोळ्यांत पाणी येतंय, जा खेळायला."

आता सावलीचं. हळदीचा लाल आणि पिवळा, दोन्ही रंग उन्हाला टिकत नाहीत. म्हणून कुंकू करंड्यात झाकून ठेवायचं, आणि म्हणूनच आईनं शर्ट उन्हात वाळत घातला, की तो डाग दोन दिवसांत फिकट होतो. आम्ही वर्गात हळदीचे सहा कागद केले, तीन साबणानं लाल केले, प्रत्येकाचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला आणि दक्षिणेकडच्या खिडकीत चिकटवले. रोज कोण पुठ्ठा उचलून पाहणार यावरून भांडणं होतात, म्हणून पाळी लावून दिली आहे. तुम्हीही एक कागद लावा, आणि उघडा भाग किती दिवसांनी पांढरा पडला, ते पोस्टकार्डावर लिहून संपादकांच्या पत्त्यावर कळवा. कागदाचा तुकडा चिकटवून पाठवलात तर आणखी चांगलं.