दिनारंभाचा प्रश्न

गेल्या लेखांकात निद्रेचा विचार झाला. आता निद्रेतून उठलेल्या माणसाच्या मनाची दिशा कोणती असावी, या प्रश्नाकडे वळणे क्रमप्राप्त आहे. किती वाजता उठावे या वादात मी शिरत नाही, कारण ब्राह्ममुहूर्तावर उठून कालच्याच मानापमानाची उजळणी करीत बसणारी मंडळी आपणां सर्वांच्याच परिचयाची आहेत.

या बाबतीत बेंजामिन फ्रँकलिन यांचा दाखला मला विशेष उद्बोधक वाटतो. सन १७०६ मध्ये बोस्टन येथे साबण व मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम दोन वर्षे पाहिलेल्या आणि पुढे फिलाडेल्फियात छापखाना चालवून नावारूपास आलेल्या या कर्तृत्ववान पुरुषाने आत्मचरित्रात आपल्या दिनचर्येचा तक्ताच दिला आहे. पहाटे पाचपासून आठपर्यंतचा काळ त्यांनी मुखमार्जन, ईश्वरस्मरण, दिवसाच्या कामांची तजवीज, त्या दिवसापुरता संकल्प, चालू अभ्यास व न्याहारी यांसाठी मुक्रर केला होता. आणि या रकान्याशेजारी, आज आपल्या हातून कोणते सत्कार्य व्हावे, एवढाच प्रश्न नोंदला होता. जे घडले त्याची विचारपूस त्यांनी सायंकाळच्या रकान्यात ठेवली. माझ्या मते या तक्त्याचे सारे मर्म या वाटणीत आहे: पश्चात्तापाला त्याची हक्काची वेळ नेमून दिल्यामुळेच सकाळ संकल्पासाठी मोकळी राहिली. पेढीवरचा जाणता कारकून रोजकीर्दीचे नवे पान काढताना आरंभीची शिल्लक एका ओळीत ओढतो, कालच्या रकमा पुन्हा उतरवीत बसत नाही. सकाळी गतदिवसाचे स्मरण करायचे ते तेवढेच.

फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांसाठी एक लहानशी वहीही केली होती. तांबड्या शाईने आखलेल्या सात वारांच्या रकान्यांत प्रत्येक प्रमादाचा काळा ठिपका पडे. परंतु जुने ठिपके खरवडून पुन्हापुन्हा नवे मांडताना कागदाला भोके पडू लागली, तेव्हा त्यांनी हस्तिदंती पाने घेतली, ज्यांवर तांबड्या रेघा कायम राहत आणि शिसपेन्सिलीचे ठिपके ओल्या स्पंजाने पुसता येत.

एवढी काटेकोर योजना करणाऱ्या या माणसाला सर्वांत छळले ते व्यवस्थितपणानेच, हे त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. धंद्याच्या मालकाला लोकांच्या सोयीने भेटीगाठी घ्याव्या लागत, मग घड्याळाबरहुकूम दिवस कसा जावा? ज्या गृहिणीची सकाळ चूल, पाणी आणि मुलांची शाळा यांत संपते, किंवा ज्या कामगाराला पहिल्या पाळीचा भोंगा गाठायचा असतो, त्यांना तीन तासांच्या चिंतनाचा उपदेश करणे मला अन्यायाचे वाटते. परंतु अंथरुणाची घडी घालताना त्या दिवशीचे एकच काम, तेही कोणासाठी आणि केव्हा करायचे एवढ्या तपशिलासह, मनाशी निश्चित करणे त्यांनाही शक्य आहे. उदाहरणार्थ, आजारी शेजारणीची दुपारी विचारपूस करणे, किंवा महिनाभर अनुत्तरित पडलेल्या बहिणीच्या पत्राला जेवणाच्या सुट्टीत उत्तर लिहिणे.

सायंकाळच्या प्रश्नाचा विचार पुढील लेखांकी.