मॅक्रोचा विस्तार आणि नावांचा निर्णय

प्रोग्रॅमिंगच्या भाषांत मॅक्रो म्हणून जी सोय असते, तिचे स्वरूप व्याकरणाच्या अभ्यासकास सर्वस्वी अपरिचित वाटू नये. लिहिणाऱ्याने एक संक्षिप्त पद योजावयाचे आणि प्रोग्रॅम चालण्यापूर्वी त्याच्या जागी नियमाने ठरलेली विस्तृत रचना यावयाची, एवढेच मॅक्रोचे कार्य. आपल्या परिभाषेत मूळ पद हे स्थानी व विस्तार हा आदेश होय. परंतु या आदेशात फंक्शनांची नावे येतात. ती नावे कशी बनतात आणि कोणत्या फंक्शनाचा बोध करून देतात, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

प्रथम नावे बनण्याचा प्रकार पाहू. व्याकरणातील संज्ञा सोडल्यास सूत्रातील शब्दाने त्याचे स्वतःचे रूपच घ्यावे, असे पाणिनीने सांगितले आहे (१.१.६८). म्हणूनच ‘अग्नि’ शब्दास सांगितलेला प्रत्यय लागून ‘आग्नेय’ होते. तोच प्रत्यय ‘अनल’ शब्दास लागत नाही. मॅक्रोही असाच रूपावर चालतो. कॉमन लिस्प भाषेत ‘डेफस्ट्रक्ट’ या मॅक्रोस ‘पॉइंट’ हे नाव व ‘एक्स’, ‘वाय’ हे घटक दिले असता ‘मेक-पॉइंट’, ‘पॉइंट-एक्स’, ‘पॉइंट-वाय’, ‘पॉइंट-पी’, ‘कॉपी-पॉइंट’ अशी फंक्शने तयार होतात. ही तद्धितासारखीच शब्दसिद्धी होय.

खरी अडचण पुढे आहे. समजा, एखाद्या मॅक्रोच्या विस्तारात ‘लिस्ट’ हे फंक्शन आहे, आणि ज्याने तो मॅक्रो वापरला त्याने त्याच ठिकाणी स्वतःच्या निराळ्या फंक्शनास ‘लिस्ट’ हेच नाव दिले आहे. केवळ अक्षरे पाहून आदेश केल्यास जवळचे फंक्शन निवडले जाते. पुष्कळदा यंत्र कोणतीही चूक दाखवीत नाही. उत्तर मात्र चुकते.

असा संदेह आपल्या शास्त्रासही परिचित आहे. शिवसूत्रांत ‘ण्’ हा अनुबंध दोनदा येतो. त्यामुळे ‘अण्’ म्हणजे अ, इ, उ हे तीनच, की ‘ल’पर्यंतचे सर्व वर्ण, असा प्रश्न उपस्थित होतो. परंपरेचे उत्तर असे की, १.१.६९ या एका सूत्रात दुसरा ‘ण्’ घ्यावा, अन्यत्र पहिला. संदेह आला तरी सूत्र व्यर्थ ठरत नाही, व्याख्यानावरून विशेषाचा निर्णय करावा, हा न्याय नागेशभट्टाने ‘परिभाषेन्दुशेखरा’त आरंभीच दिला आहे. नागेशभट्ट हा काशीस राहिलेला महाराष्ट्रीय, उपनाव काळे. त्याच्या या ग्रंथाची आवृत्ती (१८६८) व इंग्रजी भाषांतर (१८७४) पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांनी सिद्ध केले.

यंत्रास मात्र व्याख्यान करणारा गुरू नसतो. तेथे निर्णय नियमातच असावा लागतो. असा नियम १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन व ड्यूबा यांनी मांडला आणि १९९१ मध्ये क्लिंजर व रीस यांनी तो अधिक व्यापक केला. त्याचे सार असे: मॅक्रोने आणलेल्या नावाचा अर्थ मॅक्रोची व्याख्या जेथे झाली तेथील घ्यावा, आणि वापरणाऱ्याने दिलेल्या नावाचा अर्थ वापराच्या जागचा. याकरिता विस्ताराच्या वेळी नावांवर खुणा केल्या जातात. अक्षरे सारखी असली तरी खुणा भिन्न, म्हणून नावे भिन्न. कार्य झाल्यावर या खुणा अनुबंधांप्रमाणे लोप पावतात. स्कीम भाषेच्या १९९८ च्या पाचव्या अहवालात ही पद्धती भाषेचेच अंग झाली.

या शुद्धतेस मोल द्यावे लागते. ‘पॉइंट’वरून ‘मेक-पॉइंट’ घडविणे त्या अहवालातील साध्या नियमांनी साधत नाही. कारण नव्या नावास कोणाचा संदर्भ द्यावा हे ते नियम सांगत नाहीत. २००७ च्या सहाव्या अहवालात तो संदर्भ लिहिणाऱ्याने स्पष्टपणे सांगण्याची सोय झाली. तात्पर्य, नावाचे रूप व नावाचा संदर्भ ही दोन तत्त्वे होत. श्रोता भाषेत ती सहज जुळवून घेतो म्हणून त्यांतील भेद आपल्या ध्यानात येत नाही. यंत्राशी व्यवहार करताना तो प्रत्येक पावलास सांगावा लागतो.